सेंदाईचं ग्यूतान: पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी, रांगेपासून बिलापर्यंत

ग्यूतान म्हणजे आचेवर भाजलेली गुराची जीभ. ‘ग्यू’ म्हणजे गाय-बैल, आणि ‘तान’ हा इंग्रजी ‘टंग’चा जपानी तोंडात बसलेला उच्चार. मिळते ती जपानभर, पण तिचं गाव एकच: तोक्योच्या उत्तरेला साधारण साडेतीनशे किलोमीटरवरचं सेंदाई. १९४८ साली सानो केइशिरो यांनी तिथे ‘तासुके’ नावाचं छोटं दुकान काढलं आणि जिभेच्या चकत्या मीठ लावून, मुरवून, निखाऱ्यावर भाजून विकायला सुरुवात केली. आजही सेंदाईतलं जवळजवळ प्रत्येक दुकान त्याच ताटाची नक्कल करतं: भाजलेली जीभ, जवाचा भात, शेपटीचं सूप, लोणचं. ‘हायाबुसा’ शिंकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, तोक्योहून दीड तास लागतो, त्यामुळे जपानात नोकरी-शिक्षणाला असलेले मराठी लोक कधी ऑफिसच्या मंडळींबरोबर, तर कधी नुसते फिरायला म्हणून इथे येऊन धडकतात. मग मेन्यू कळत नाही, शेजारच्याच्या ताटाकडे बोट दाखवलं जातं, आणि भलतंच काहीतरी समोर येतं.

गोमांस चालत नसेल तर

हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं, कारण खुर्चीत बसल्यावर कळलं की पंचाईत होते. ग्यूतानच्या दुकानात गोमांसाशिवाय जवळजवळ काही शिजतच नाही. सूप शेपटीच्या हाडांचं, करीत जीभ, स्ट्यूत जीभ. “मला नुसतं भात-सूप द्या” हा मार्गही बंदच. म्हशीचं मांस असेल अशी मनाची समजूत घालू नका. जपानात ‘ग्यू’ म्हणजे गोवंशच. हलाल पाळणाऱ्यांनी प्रमाणपत्र दिसल्याशिवाय हलाल धरू नये. “ग्यूनिकु वा ताबेमासेन” म्हणजे “मी गोमांस खात नाही”. हे दारातच सांगा, आत जाऊन नाही.

गटात एक-दोघे न खाणारे असतील तर फार अडत नाही. सेंदाई स्टेशनच्या तिसऱ्या मजल्यावर ‘ग्यूतान-दोरी’ म्हणजे ग्यूतान गल्ली आहे आणि तिला लागूनच ‘सुशी-दोरी’. मासे खाणाऱ्यांनी तिकडे जावं आणि तासाभराने भेटावं. शुद्ध शाकाहारी माणसाचं सुशीतही काकडीच्या रोलपुढे फारसं भागत नाही. त्यांनी ‘झुंदा’ शोधावं. कोवळ्या हिरव्या सोयाबीनचे दाणे उकडून, वाटून, साखर घातलेलं हे सारण सेंदाईचंच. ते मोचीवर, म्हणजे चिकट तांदळाच्या गोळ्यांवर, घालून मिळतं, आणि दुधात घोटलेला झुंदा शेक स्टेशनवरच मिळतो. पोट भरत नाही, पण रुसवा निघतो.

दुकान कोणत्या जातीचं आहे ते ओळखा

पाटीवर ‘ग्यू’चं अक्षर असं दिसतं: एक उभी रेघ, तिला छेदणाऱ्या दोन आडव्या रेघा, आणि डावीकडे वर एक छोटी तिरकी रेघ. उभी रेघ वरच्या आडव्या रेघेच्या वर डोकावते, ते गुराचं शिंग समजा. डोकावत नसेल तर ते वेगळं अक्षर, दुपारचं. दुकानाच्या वेळा लिहिताना ‘सकाळ’ आणि ‘दुपार’ या दोन्ही शब्दांत ते येतं. नवशिके वेळापत्रकाच्या पाटीकडे बघून “इथे बीफ मिळतं” म्हणतात ते यामुळे.

दुकानं तीन प्रकारची. पहिला प्रकार सेंदाई पद्धतीचा: भाजणारा माणूस काउंटरपलीकडे उभा असतो, तुम्हाला तयार ताट मिळतं, चकती जाड आणि खारवलेली असते. दुसरा तोक्योत जास्त दिसणारा: चकत्या पातळ, संख्या जास्त आणि बरोबर किसलेल्या कंदाची वाटी, ‘नेगिशी’ ही त्यातली सगळ्यांत ओळखीची साखळी. तिसरा याकिनिकु: टेबलातच शेगडी, कच्चं मांस येतं आणि भाजायचं काम तुमचं. पहिल्या भेटीला पहिलाच प्रकार निवडा. जाड जीभ नीट भाजणं हे हाताचं काम आहे, आणि ते दुसऱ्याने करून दिलेलं एकदा खाल्लं की पुढे याकिनिकुत आपण काय गाठायचंय ते कळतं.

सेंदाईत स्टेशनमधल्या गल्लीत ‘किसुके’, ‘रिक्यू’, ‘दाते नो ग्यूतान होंपो’, ‘झेंजिरो’ अशी नावाजलेली दुकानं एका रांगेत सापडतात. गाडी पकडायची असेल तर तीच बरी. हाताशी वेळ असेल तर पश्चिमेकडून बाहेर पडून इचिबान्चो-कोकुबुन्चोच्या बाजूला पायी जा. जुनी, लहान, काउंटरवाली दुकानं तिकडे. मूळ तासुकेच्या वारशातलं ‘आजी तासुके’ही त्याच भागात आहे. इथली ‘आजी’ म्हणजे चव, घरातल्या आजीशी तिचा संबंध नाही. तरी मराठी माणसाला ते नाव एकदा ऐकून विसरणं अवघड.

आणखी एक गैरसमज इथेच मोडून टाकू. ‘सेंदाई-ग्यू’ हा वेगळा, सर्वोच्च प्रतीच्या गोमांसाचा ब्रँड आहे. ‘सेंदाईचं ग्यूतान’ म्हणजे सेंदाई-ग्यूची जीभ नव्हे. एका जनावराला जीभ एकच, आणि शहरातला खप एवढा की स्थानिक जनावरं पुरणं शक्यच नाही. बहुतेक जीभ अमेरिका किंवा ऑस्ट्रेलियाहून येते. डिसेंबर २००३ मध्ये अमेरिकेत ‘मॅड काऊ’ रोगाचं जनावर सापडलं आणि जपानने तिथली आयात थांबवली, ती डिसेंबर २००५ पर्यंत. त्या दोन वर्षांत सेंदाईच्या दुकानांची काय तारांबळ उडाली ते यावरून समजावं. देशी किंवा वाग्यूची (खास जपानी जातीच्या गुरांची) जीभ मिळते तिथे मेन्यूत ठळक लिहिलेलं असतं आणि किंमतही तशीच ठळक असते. लिहिलेलं नसेल तर आयात केलेली धरा, आणि त्यात कमीपणा मानू नका. धान्यावर पोसलेल्या जनावराच्या जिभेला चांगली चरबी असते आणि या पदार्थाला तीच लागते.

जिभेचे चार भाग, आणि पैसे कशाचे मोजता

मेन्यूतला किमतीचा फरक समजायचा तर हे कळायला हवं. जीभ घशाकडे जिथे जोडलेली असते ते मूळ म्हणजे ‘तान-मोतो’. मध्ये ‘तान-नाका’, शेंड्याला ‘तान-साकी’, आणि खालच्या बाजूची शिरांची पट्टी ‘तान-शिता’. जनावर दिवसभर चरतं तेव्हा शेंडा सारखा हलतो, मूळ फारसं हलत नाही. म्हणून शेंडा चिवट आणि कोरडा, मूळ मऊ आणि चरबीदार. मुळाच्या थोड्याच चकत्या निघतात, त्यामुळे त्या महाग. मेन्यूवर ‘जो’, ‘तोकुजो’, ‘किवामी’, ‘शिनतान’ असे शब्द दिसले तर ते मुळाकडच्या किंवा गाभ्याच्या जाड चकत्यांचे. साध्या ताटात बहुतेक मधला भाग असतो. शेंडा आणि खालची पट्टी भाजायला फारशी वापरत नाहीत. ती स्ट्यू, करी आणि खिम्याच्या गोळ्यांत जाते.

भाजण्याआधीचं काम दोन-तीन दिवसांचं. वरची खरखरीत जाड कातडी आधी काढतात. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत नाताळासाठी जीभ मिठात मुरवतात, ती उकडल्यावर सोलतात. सेंदाईत मात्र कच्चीच, सुरीने. मग चकत्या पाडून दोन्ही बाजूंनी उथळ चिरा देतात. जिभेचे स्नायू लांबीत, रुंदीत आणि उभे असे तिन्ही दिशांनी एकमेकांत विणलेले असतात. चिरा नसतील तर तापल्यावर चकती आक्रसून वाटीसारखी वळते आणि दाताला रबर लागतं. चिरांमुळे तंतू आखूड होतात आणि मीठही आत शिरतं. मग मीठ लावून, एकावर एक रचून थंडीत मुरत ठेवतात. ताटातल्या चकतीला बुडवायला काही दिलेलं नसतं त्याचं कारण हेच: चव आत आधीच गेलेली असते.

रांग आणि खुर्ची

दुपारी साडेअकरा ते दीड आणि संध्याकाळी सहा ते आठ ही गर्दीची वेळ. सुट्टीच्या दिवशी स्टेशनातल्या गल्लीत तासभर उभं राहायची तयारी ठेवा. दुपारी उघडतानाच, किंवा स्टेशनातली दुकानं मधल्या वेळेत चालू असतात तेव्हा दोन ते चारच्या दरम्यान गेलात तर सुटसुटीत. स्टेशनाबाहेरची छोटी दुकानं मात्र दुपारी बंद असू शकतात. दाराशी ‘रास्तो ओदा’ म्हणजे शेवटची ऑर्डर घ्यायची वेळ लिहिलेली असते. दुकान बंद व्हायच्या अर्धा तास आधीची ती वेळ गेली की आत घेत नाहीत. परतीच्या गाडीची वेळ आणि रांगेत उभं राहायची वेळ यांत निदान दीड तास ठेवा.

काही ठिकाणी नुसती रांग असते, काही ठिकाणी दाराशी वही किंवा स्क्रीन. वहीत नाव, माणसं किती, काउंटर चालेल की टेबलच हवं, एवढं लिहायचं. नाव काताकानात, म्हणजे परकी नावं लिहायच्या जपानी लिपीत, लिहिलेलं बरं. जपानीत ‘ल’ नाही, म्हणून पाटील ‘पातिरु’ होतात. स्वतःचं नाव पुकारलं गेलं तरी कळलं नाही म्हणून नंबर घालवणारे कमी नाहीत. जोशींची तेवढी मजा आहे, आडनाव जसंच्या तसं बसतं. एकटे असाल तर “हितोरी देस”, दोघे “फुतारी देस”. एकट्याला काउंटरवर लवकर जागा मिळते, आणि जागाही तीच उत्तम: भाजणारा चकत्या कशा उलटतो, चरबी ठिबकून ज्वाळा उठली की कुठे सरकवतो, सगळं समोर दिसतं. कोट आणि बॅग मात्र धुरात राहतात. सीटखाली टोपली असेल तर त्यात ठेवा. लोकरीचा कोट तर बाहेरच्या लॉकरमध्येच.

बसल्यावर ओला गरम रुमाल येतो, तो हातांसाठी. तोंड-मान पुसायचा मोह आवरा.

ऑर्डर कशी द्यायची

मेन्यूत सगळ्यांत आधी शोधायचा शब्द ‘तेइशोकु’, म्हणजे पूर्ण ताट. नुसती जीभ मागवली तर भात-सूप येत नाही, आणि भाताशिवाय ही जीभ खारट लागते. ताटापुढे आकडे दिसतील: ३ आणि ६, ४ आणि ८, ५ आणि १०. पहिला आकडा चकत्यांचा (‘माइ’), दुसरा तुकड्यांचा (‘किरे’). प्रत्येक चकती भाजून मधोमध कापतात, म्हणून तीन चकत्यांचे सहा तुकडे. सहा तुकडे ऐकून थोडे वाटतात आणि पहिल्यांदा आलेला माणूस पाच चकत्या मागवतो. तसं करू नका. भात, सूप आणि जाड मांस मिळून तीन चकत्यांचं ताट भरपूर होतं, चांगली भूक असेल तर चार. पाच चकत्यांत शेवटचे तुकडे हमखास गार होतात, आणि गार ग्यूतानसारखी निराशा नाही.

चवी तीन: ‘शिओ’ म्हणजे मीठ, ‘तारे’ म्हणजे सोया सॉसवर आधारलेला गोडसर रस, आणि ‘मिसो’ म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची खारट पेस्ट. पहिल्यांदा शिओच घ्या. तारे आणि मिसोने जिभेची स्वतःची चव झाकली जाते. तो प्रकार दुसऱ्या फेरीचा. दोघे असाल तर एक शिओ आणि एक मिसो मागवून अर्धं-अर्धं वाटून घेता येतं, बऱ्याच ठिकाणी एकाच ताटात मिश्रही मिळतं. ‘किवामी’ किंवा जाड काप पहिल्याच भेटीत घ्यावा का? खिसा परवानगी देत असेल तर जरूर; पण आधी साधी चकती खाऊन मग जाड खाल्ली तर फरक जास्त कळतो. साधं तीन चकत्यांचं ताट आजकाल बहुतेक ठिकाणी २,००० येनच्या पुढे असतं, जाड मुळाच्या कापाचं ३,००० च्या वरही जातं. किमती गेल्या काही वर्षांत चढत गेल्या आहेत, त्यामुळे जुन्या लेखांतले आकडे घेऊन जाऊ नका.

भात किती हवा ते विचारतात: ‘फुत्सू’ नेहमीचा, ‘ओमोरी’ मोठा. काही दुकानांत भात पुन्हा वाढून मिळतो, शब्द ‘ओकावारी’. फुकट की पैसे पडतात ते मेन्यूत असतं. वेटरला हाक “सुमिमासेन”. टेबलावर बटण असेल तर ते दाबा. नाव उच्चारता येत नसेल तर चित्रावर बोट ठेवून माणसं किती ते बोटांनी दाखवा, कुणाला काही वाटत नाही.

ताटातल्या प्रत्येक वाटीचं काम

ताट आलं की फोटो एकच काढा. गोमांसाची चरबी गार होताना पटकन घट्ट होते. पाचव्या मिनिटाला रसाळ असलेला तुकडा पंधराव्या मिनिटाला मेणचट होतो. गप्पा ताट संपल्यावर.

पहिला घोट सुपाचा. ‘तेइरु सूपु’ म्हणजे शेपटीचं पातळ, नितळ, मिठाचं सूप, वर बारीक चिरलेली पांढरी पात. शेपटीचा मणका तासन्तास उकळलेला असतो, मांस चॉपस्टिक लावताच सुटायला हवं. हाड हाताने उचलून चोखलं तरी चालतं, ओला रुमाल त्यासाठीच. हाड बशीच्या कडेला ठेवा, सुपात परत टाकू नका.

मग पहिला तुकडा, नुसता. मसाला नाही, लोणचं नाही. दातांना आधी थोडा प्रतिकार, मग एकदम तुटणारं आणि रस सोडणारं असं असायला हवं. जाड तुकडा एका घासात जात नाही. चिरांच्या बाजूने चावलात तर सहज तुटतो. उरलेला अर्धा आपल्याच बशीत ठेवला तर त्यात अशिष्ट काही नाही. मध्ये हलका गुलाबी दिसला तरी दचकू नका, मुळाकडचे जाड काप तसेच भाजतात. अजिबात गुलाबी नको असेल तर ऑर्डर देतानाच “योकु याइते कुदासाइ” म्हणजे “चांगलं भाजून द्या” म्हणा. मात्र मग कडकपणाबद्दल तक्रार करू नये.

जिभेमागोमाग लगेच भात. ‘मुगिमेशी’ म्हणजे तांदळात जव घालून शिजवलेला भात. नेहमीच्या जपानी भातासारखा तो चिकट नसतो, दाणे सुटे राहतात. चॉपस्टिकमधून गळतो म्हणून वाटी उचलून तोंडाजवळ न्या. जपानात वाटी उचलणं रीतसर आहे, वाकून ताटात तोंड घालणं नाही. चॉपस्टिक भातात उभ्या रोवू नका आणि एकमेकांच्या चॉपस्टिकवरून तुकडा देऊ-घेऊ नका. दोन्ही गोष्टी अंत्यविधीतल्या आहेत, पानाला उजवीकडून वाढल्यावर आपल्याकडे आजी-आजोबा जसे चमकतात तसे इथले वडीलधारे चमकतात.

मांसाच्या बशीतच एका बाजूला कोबीचं हलकं खारवलेलं लोणचं असतं. दोन तुकड्यांच्या मध्ये एक चिमूट, तोंडातला तुपकटपणा कापायला. त्याच्या शेजारी हिरव्या मिरचीचा मिसोत मुरलेला एक छोटासा तुकडा: ‘मिसो नानबान’. याकडे बहुतेक पाहुणे भाजी समजून बघतात आणि अख्खा तोंडात टाकतात. ठेचा खाणाऱ्यालाही तो झणका बसतो, कारण तिखटाला मिसोचा खारटपणा चिकटलेला असतो. टोकाएवढा तोडून जिभेच्या तुकड्यावर ठेवा, वर भाताचा घास. ताटातली सगळ्यांत कमी वस्तू आणि सगळ्यांत जास्त लक्षात राहणारी. आवडली तर वेगळी वाटी मागवता येते.

टेबलावर ‘शिचिमी’ म्हणजे सात जिनसांची मिरचीपूड असते. तिसऱ्या-चौथ्या तुकड्याला, चिमूटभर. लिंबू शोधत बसू नका, सेंदाईच्या ताटात ते सहसा नसतं; लिंबाची सवय याकिनिकुची.

‘तोरोरो’ ही जोडीला घ्यायची वाटी. कोनफळाच्या कुळातला ‘यामाइमो’ कंद किसून, त्यात माशाचा अर्क असलेला रस घालून फेटतात. भेंडीपेक्षाही जास्त बुळबुळीत. थोडा सोया सॉस घाला, भातावर ओता आणि वाटी ओठाला लावून सरळ ओढून घ्या. सुटे जवाचे दाणे मग घशातून आपोआप उतरतात. ओठाच्या कडेला लागलं तर अळवासारखी खाज सुटते, कारणही तेच, सुईसारखे बारीक ऑक्झलेटचे स्फटिक. लगेच पुसून टाका. कंदाची किंवा गव्हा-जवाची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा, कारण जव भातातच आहे आणि सोया सॉसमध्ये गहू.

चव बिघडली असं वाटलं तर

चिवट लागली: एक तर ताट थांबलं, नाही तर शेंड्याकडची चकती आली. पहिलं तुमच्या हातात आहे. खारट लागली: तुम्ही भात मागे ठेवताय. इथलं प्रमाण मांस थोडं, भात जास्त असंच बेतलेलं आहे. चरबी नकोशी झाली: मुळाचा जाड काप चार-पाच तुकड्यांनंतर तसा वाटतोच, पुढच्या वेळी साधी मधली चकती घ्या. कडेला काळे ठिपके: ज्वाळेचे, थोडे असणारच; अख्खी कड कोळसा झाली असेल तर नम्रपणे दाखवा, बदलून देतात.

याकिनिकुत स्वतः भाजायची वेळ आली तर

इथे ‘तान-शिओ’ पातळ येते, दोन-तीन मिलिमीटरची, आणि ती सगळ्यांत आधी भाजतात. जाळी स्वच्छ असते आणि रसात घोळलेल्या मांसाची करपट चव तिला लागायला नको, म्हणून. कच्चं मांस उचलायचा चिमटा वेगळा, खायच्या चॉपस्टिक वेगळ्या. हा नियम मोडू नका. जपानात २०११ साली कच्च्या गोमांसातून झालेल्या गंभीर विषबाधेनंतर नियम कडक झाले आणि जुलै २०१२ पासून गुराची कच्ची लिव्हर हॉटेलात द्यायला बंदी आहे, त्यामुळे दुकानंही याबाबतीत जागरूक असतात.

जाळी चांगली तापू द्या. चकती पसरून ठेवा, एकावर एक नाही. कडा उचलल्या आणि वरच्या बाजूला रसाचे मणी दिसू लागले की उलटा, दुसरी बाजू पहिलीच्या निम्म्या वेळात होते. सारखं उलटंपालटं केलं तर रस निखाऱ्यात जातो आणि हातात चामडं उरतं. वर चिरलेली पात घातलेली ‘नेगी-तान’ असेल तर ती उलटायची नाही. खालची बाजू भाजली की दुमडून पात आत कोंडायची आणि दुमडलेल्या दोन्ही बाजू शेकायच्या. जाड काप मागवलात तर उलट: मंद कोपऱ्यात ठेवा, सगळ्या बाजू फिरवत वेळ द्या, आणि शेवटी मोठ्या आचेवर रंग आणा. चरबीने ज्वाळा उठली तर पाणी ओतू नका, मांस बाजूला घेऊन बर्फाचा एक खडा जाळीवर ठेवा. जाळी काळी झाली की “आमी ओ काएते कुदासाइ”, नवी मिळते.

बिल, आणि सोबत न्यायचं

बिलाचा कागद टेबलावर पालथा ठेवलेला असतो. तो उचलून दाराजवळच्या गल्ल्यावर न्यायचा आणि तिथेच पैसे द्यायचे. टिप नाही, ठेवून गेलात तर मागे पळत येऊन परत देतील. स्टेशनातली दुकानं कार्ड घेतात, जुनी छोटी दुकानं घेतीलच असं नाही, म्हणून हजाराच्या नोटा जवळ ठेवा. निघताना भाजणाऱ्याकडे बघून “गोचिसोसामा देशिता”, म्हणजे जेवणाबद्दल आभार. काउंटरवर बसला असाल तर हे चुकवू नका.

हवाबंद पाकिटांत मुरवलेली कच्ची जीभ स्टेशनवर भेट म्हणून विकतात. जपानात घरी नेणार असाल तर रात्रभर फ्रिजमध्ये हळूहळू वितळवा, पाणी टिपून घ्या आणि जाड तव्यावर मोठ्या आचेवर भाजा. मायक्रोवेव्हने वितळवलेली जीभ बाहेरून शिजते आणि आत बर्फ राहतो. भारतात येताना मात्र बॅगेत ठेवू नका. कुठल्याही स्वरूपातलं गोमांस आणि ते असलेले पदार्थ भारतात आणायला बंदी आहे. त्यात ग्यूतान करीची पाकिटं आणि सुकवलेली जीभही आली.

गाडीत खायचं असेल तर स्टेशनवर दोरी ओढून गरम होणारा ग्यूतानचा डबा मिळतो. डब्याच्या तळाशी कळीचा चुना आणि पाण्याची पिशवी असते. दोरी ओढली की पिशवी फाटते, पाणी चुन्यावर पडतं आणि वाफ येते. डबा सपाट ठेवा, मांडीवर नाही, समोरच्या ट्रेवर. दोरी एका दमात शेवटपर्यंत ओढा. अर्धवट ओढली तर एकच कोपरा गरम होतो. झाकण लगेच उघडू नका, डब्यावर लिहिलेली पाच-सहा मिनिटं जाऊ द्या. वास गाडीच्या अख्ख्या डब्यात पसरतो, तेव्हा गाडी सुटल्यावर लगेच ओढा, शेजारचा झोपी जायच्या आत.